नारळ मिळणार हे गृहीत धरलेली नोकरी: रग्बी लीगचा प्रशिक्षक नेमकं काय करतो?

डिसेंबर 2018 मध्ये ब्रिस्बेन ब्रॉन्कोज या ऑस्ट्रेलियन क्लबने आपल्या प्रशिक्षकाला नारळ दिला. प्रशिक्षकाचं नाव वेन बेनेट, वय 68. हा क्लब 1988 साली सुरू झाला तेव्हा पहिला प्रशिक्षक तोच होता आणि तोवरची क्लबची सहाच्या सहा जेतेपदं त्याच्याच हाताखाली आली होती. त्याच्या जागी साऊथ सिडनी क्लबचा अँथनी सीबोल्ड आला. सीबोल्ड त्याच वर्षी स्पर्धेतला सर्वोत्तम प्रशिक्षक ठरला होता. सीबोल्डची रिकामी झालेली जागा बेनेटने घेतली. थोडक्यात, दोघांनी एकमेकांच्या खुर्च्या घेतल्या.

पुढे काय झालं? ब्रॉन्कोज 2019 च्या बाद फेरीत पॅरामॅटाकडून 58-0 असे हरले आणि 2020 मध्ये इतिहासात पहिल्यांदा गुणतक्त्यात तळाला गेले. हंगाम संपायच्या आतच सीबोल्डने पद सोडलं. तिकडे बेनेटचा साऊथ सिडनी संघ दोन वर्षं अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर अडला, आणि तिसऱ्या वर्षी, 2021 मध्ये, अंतिम सामना पेनरिथकडून अवघ्या दोन गुणांनी हरला.

हे वाचून बेनेट शहाणा आणि क्लबवाले मूर्ख असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. पण याच धंद्यात प्रशिक्षक बदलून क्लबचं भलं झाल्याचीही उदाहरणं आहेत, आणि बेनेट स्वतःही एका ठिकाणी चांगलाच आपटला आहे. त्यामुळे हा माणूस नेमका कशाचा पगार घेतो, हेच आधी समजून घेतलेलं बरं.

आधी खेळ

रग्बी एक नाही, दोन आहेत. 1895 साली उत्तर इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड गावी एका हॉटेलात तिथल्या क्लबांची बैठक झाली आणि ते मूळ संघटनेतून बाहेर पडले. भांडण पैशाचं होतं. गिरण्यांत आणि खाणींत काम करणारे खेळाडू शनिवारी सामना खेळले की त्यांची मजुरी बुडायची. ती भरून द्यावी असं उत्तरेचं म्हणणं, आणि खेळाचे पैसे घेणं हे सभ्य माणसाचं लक्षण नाही असं लंडनच्या बाजूचं. बाहेर पडलेल्यांचा खेळ म्हणजे रग्बी लीग. राहिलेल्यांचा तो रग्बी युनियन. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर वर्षानुवर्षं खेळलं जातं ते युनियन. 2025 साली अंधेरीत झालेली रग्बी प्रीमियर लीग ही त्याच युनियनची सात-सात जणांची छोटी आवृत्ती. नावात 'लीग' असलं तरी तिचा या लेखातल्या खेळाशी संबंध नाही.

लीगमध्ये एका बाजूला 13 जण. ज्या संघाकडे चेंडू आहे त्याला सहा टॅकल मिळतात. म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला समोरच्यांनी धरून पाडलं की एक टॅकल झाला. पडलेला उठतो, चेंडू जमिनीवर ठेवून टाचेने मागे सरकवतो आणि खेळ पुन्हा सुरू. धरण्याची ही झटापट कबड्डीतल्या पकडीच्या बरीच जवळची आहे, एकाला तिघांनी मिळून आवळायचं. फरक एवढाच की इथे पकडलेला बाद होत नाही, त्याला पुन्हा उठायचं असतं. पाच टॅकल झाले की बहुतेक वेळा संघ चेंडू लाथेने लांब उडवतो, कारण सहावा टॅकल झाला की चेंडू समोरच्यांना द्यावा लागतो. रेषेपलीकडे चेंडू टेकवला की ट्राय, त्याचे चार गुण. त्यानंतरची किक खांबांमधून गेली तर आणखी दोन.

प्रशिक्षकाच्या दृष्टीने यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक, खेळ दर काही सेकंदांनी थांबतो आणि साधारण त्याच मांडणीतून पुन्हा सुरू होतो. बचाव करणाऱ्यांनी दहा मीटर मागे जायचं, हल्ला करणाऱ्यांनी ठरलेल्या आकारात उभं राहायचं. त्यामुळे जवळपास सगळं आधी घोकून घेता येतं. दोन, टाइमआउट नावाचा प्रकारच नाही. चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन भाग आणि मधली थोडी विश्रांती. प्रशिक्षक प्रेक्षागृहात उंचावर काचेच्या खोलीत बसतो आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन मैदानात धावणाऱ्या ट्रेनरकरवी निरोप पाठवतो. याशिवाय त्याच्या हातात राखीव खेळाडू कधी उतरवायचे एवढंच, आणि तेही मोजक्या वेळा.

म्हणून टीव्हीवर दिसणारा प्रशिक्षक, केस उपटणारा किंवा टेबलावर मूठ आपटणारा, हा त्या वेळी बऱ्याच अंशी प्रेक्षकच असतो. त्याचं काम आधीच होऊन गेलेलं असतं.

आठवड्याचं काम

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची मिळून जी व्यावसायिक स्पर्धा आहे, एनआरएल, तिचा हंगाम मार्चला सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला अंतिम सामना होतो. सराव मात्र आदल्या नोव्हेंबरपासून, तिकडच्या भर उन्हाळ्यात. साखळीत प्रत्येक संघ 24 सामने खेळतो. सामना संपला की दुसऱ्या दिवशी चित्रफीत. कोण दहा मीटर मागे यायला आळसला, कोणत्या टॅकलला तिसरा माणूस उशिरा पोहोचला, हे सगळ्यांसमोर दाखवलं जातं. मंगळवारी दुपारी संघांच्या याद्या जाहीर होतात. वगळलेल्याला त्याआधी आपल्या तोंडाने सांगावं, हा या धंद्यातला शिष्टाचार. सामन्याच्या आदल्या दिवशी 'कॅप्टन्स रन' नावाचा हलका सराव असतो. तो कर्णधार घेतो आणि प्रशिक्षक बाजूला उभा राहतो.

डावपेचांचा गाभा म्हणाल तर तो एका क्षणात आहे. पडलेला खेळाडू किती लवकर उठून चेंडू मागे सरकवतो, तो क्षण. पटकन उठला तर समोरचा बचाव अजून मागे चालतच असतो, आणि पुढची धाव फुकटात दहा मीटर देऊन जाते. म्हणून बचाव करणाऱ्यांचा सगळा खटाटोप त्याला शक्य तितका वेळ आणि तरीही पंचाची शिट्टी वाजणार नाही इतकाच वेळ जमिनीवर दाबून ठेवायचा. मेलबर्न स्टॉर्मच्या क्रेग बेलामीने यासाठी कुस्ती आणि जुजुत्सूची प्रशिक्षण पद्धत आणली. आधी लोकांनी नाकं मुरडली, मग सगळ्यांनीच कुस्तीचे प्रशिक्षक नेमले. 2020 मध्ये स्पर्धेने नियमच बदलला: मुद्दाम दाबून ठेवलंत तर शिट्टी वाजून खेळ थांबणार नाही, समोरच्यांना थेट नव्याने सहा टॅकल मिळतील. एका प्रशिक्षकाची युक्ती गाजते, सगळे ती उचलतात, आणि मग नियम बनवणारे तिच्यावर उतारा शोधतात, असं या खेळात अनेकदा झालंय.

बाहेरून कल्पना आणण्याची परंपरा त्याहून जुनी. सिडनीच्या जॅक गिब्सनने 1970 च्या दशकात अमेरिकेला जाऊन तिथल्या फुटबॉल संघांचं काम पाहिलं, परत येऊन प्रत्येक खेळाडूचे टॅकल मोजायला सुरुवात केली, चित्रफिती दाखवल्या. ईस्टर्न सबर्ब्जसोबत 1974 आणि 1975, पॅरामॅटासोबत 1981, 1982 आणि 1983, अशी पाच जेतेपदं त्याच्या नावावर आहेत. आज क्लबात बचावाचा वेगळा प्रशिक्षक, हल्ल्याचा वेगळा, किकचा वेगळा, शिवाय आकडे मांडणारे आणि शरीर घडवणारे असतात. मुख्य प्रशिक्षक यांचा मुख्याधिकारी होऊन बसतो. शिवाय सामन्यानंतर कर्णधाराला घेऊन पत्रकारांसमोर बसणं बंधनकारक. तिथे पंचांवर बोललात की दंड. कॅनबेराच्या रिकी स्टुअर्टला 2022 मध्ये एका प्रतिस्पर्धी खेळाडूबद्दल वाईट बोलल्यावरून 25,000 डॉलर दंड आणि एका सामन्याची बंदीही झाली. बेनेट या बाबतीत पक्का. एकेका शब्दात उत्तरं देऊन तो पत्रकारांना जेरीला आणतो.

खरं काम: कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं

माझ्या मते डावपेच हा या कामाचा लहान भाग आहे. मोठा भाग माणसं निवडण्याचा, आणि त्यातही माणसं सोडण्याचा.

कारण आहे पगाराची मर्यादा. एनआरएलमध्ये प्रत्येक क्लबला मुख्य 30 खेळाडूंवर वर्षाला किती खर्च करता येईल हे ठरवून दिलेलं आहे. 2023 साली तो आकडा सुमारे 1 कोटी 21 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होता. सगळ्यांना सारखाच, त्यामुळे श्रीमंत क्लबला सगळे तारे विकत घेता येत नाहीत. पण याचा एक विचित्र परिणाम होतो. संघ जिंकला की त्यातल्या पोरांचा भाव वाढतो, सगळ्यांना वाढीव पगार देणं शक्य नसतं, आणि जिंकणाऱ्या प्रशिक्षकाला आपलाच संघ दरवर्षी थोडा थोडा मोडावा लागतो. ही मर्यादा चोरून ओलांडली तर काय होतं तेही पाहून घ्या. एप्रिल 2010 मध्ये मेलबर्न स्टॉर्मची दुहेरी हिशेबवही उघडकीला आली. 2007 आणि 2009 ची जेतेपदं काढून घेतली गेली आणि त्या वर्षीचे उरलेले सामने संघ गुणतक्त्यात एकही गुण न मिळवता खेळला. म्हणजे बेलामीला दर आठवड्याला संघ तयार करायचा होता अशा सामन्यांसाठी, ज्यांत जिंकूनही हाती काही लागणार नव्हतं. त्यानंतर त्याच क्लबात राहून त्याने 2012, 2017 आणि 2020 ची जेतेपदं मिळवली. मला विचाराल तर त्याच्या कारकिर्दीतलं ते 2010 हेच सर्वात अवघड वर्ष.

बेनेटची कारकीर्द तर अशा ठेवण्या-सोडण्याच्या निर्णयांनीच मोजावी. 1990 मध्ये त्याने वॉली लुईसचं कर्णधारपद काढलं. क्वीन्सलँडमध्ये लुईसला लोक 'किंग' म्हणत, आजही म्हणतात. नवीन क्लबचा चेहराच तो होता. बेनेटने कर्णधारपद जीन माइल्सला दिलं, वर्षाअखेर लुईस क्लब सोडून गेला, गावभर शिव्या पडल्या. दोन वर्षांनी, 1992 मध्ये, ब्रॉन्कोजनी पहिलं जेतेपद जिंकलं, मग इंग्लंडला जाऊन विगनला त्यांच्याच मैदानावर हरवलं. 1993 मध्ये पुन्हा जेतेपद. हे लुईसला काढल्यामुळे झालं असं छातीठोक कोणी म्हणू नये, पण क्लब कोणा एका खेळाडूचा नाही हे त्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये कोणाला वेगळं सांगावं लागलं नसणार.

2001 मध्ये उलटं केलं. क्वीन्सलँड आणि न्यू साऊथ वेल्स या दोन राज्यांमध्ये दरवर्षी तीन सामन्यांची 'स्टेट ऑफ ओरिजिन' मालिका होते. ऑस्ट्रेलियात तिची चर्चा आंतरराष्ट्रीय सामन्यांपेक्षा जास्त. मालिका 1-1 अशी अडलेली, क्वीन्सलँडचा प्रशिक्षक बेनेट. त्याने इंग्लंडमध्ये वॉरिंग्टनकडून खेळणाऱ्या अ‍ॅलन लँगरला गुपचूप विमानाने बोलावून घेतलं. लँगर 34 वर्षांचा, ऑस्ट्रेलियातल्या खेळातून 1999 मध्येच निवृत्त झालेला. निर्णायक सामना क्वीन्सलँडने 40-14 असा जिंकला, लँगरने स्वतः ट्रायही केला.

मग डॅरेन लॉकियर. जगातल्या सर्वोत्तम फुलबॅकांपैकी एक, म्हणजे सर्वात मागे उभा राहणारा खेळाडू. 2004 मध्ये बेनेटने त्याला पुढे आणून पाच-आठ या जागी उभं केलं, जिथून हल्ल्याची सूत्रं हलतात. चाललेलं मोडू नये असं सगळ्यांचं मत. त्यातच 2005 चा शेवट वाईट झाला, तेव्हा बेनेटने आपल्याच सहायकांना घरी पाठवलं. त्यात केव्हिन वॉल्टर्स होता, ग्लेन लाझारस होता, म्हणजे त्याच्यासाठी जेतेपदं जिंकून दिलेली जुनी माणसं. 2006 मध्ये ब्रॉन्कोज हंगामाच्या उत्तरार्धात ओळीने पाच सामने हरले आणि तरीही अंतिम सामना 15-8 असा जिंकले. कर्णधार लॉकियर. समोर मेलबर्न, आणि मेलबर्नचा प्रशिक्षक क्रेग बेलामी, जो 2002 पर्यंत बेनेटचाच सहायक होता.

इथवर कसं पोहोचतात

बेनेट मूळचा क्वीन्सलँडच्या वॉरिक भागातला, जन्म 1 जानेवारी 1950 चा. वडील दारूच्या आहारी गेलेले, ते घर सोडून गेले. बेनेट स्वतः आयुष्यभर दारूपासून लांब राहिला. पोलिसात भरती झाला, रग्बी खेळला, 1971 च्या न्यूझीलंड दौऱ्यावर ऑस्ट्रेलियाकडूनही गेला. मग पोलीस अकादमीत प्रशिक्षण द्यायला लागला. तिथल्या कॅडेटांमध्ये एक दांडगा पोरगा होता, मॅल मेनिंगा. पुढे ब्रिस्बेनच्या साऊथ्स क्लबात दोघे पुन्हा एकत्र आले आणि 1985 चा स्थानिक अंतिम सामना त्यांनी 10-8 असा जिंकला. समोरच्या विनम संघात वॉली लुईस होता. 1987 मध्ये कॅनबेराने बेनेटला डॉन फर्नरच्या जोडीने सहप्रशिक्षक म्हणून घेतलं. तिथे मेनिंगा आधीच पोहोचला होता. संघ अंतिम सामन्यात मॅनलीकडून हरला. पुढच्याच वर्षी ब्रिस्बेनचा नवा क्लब निघाला आणि त्याच्या पहिल्या सामन्यात त्याच गतविजेत्या मॅनलीला 44-10 असं धुतलं.

तेव्हाचा हा मार्ग आज जवळपास बंद आहे. आज शिडी साधारण अशी: खेळाडू म्हणून निवृत्ती, मग तरुणांचा किंवा राखीव संघ, मग मोठ्या क्लबात एखाद्या विभागाचा सहायक, आणि नशीब असेल तर मुख्य पद. एनआरएलमध्ये 2023 पासून 17 क्लब आहेत, म्हणजे अख्ख्या स्पर्धेत 17 खुर्च्या. काहीजण इंग्लंडच्या सुपर लीगचा वळसा घेतात. ट्रेंट रॉबिन्सन त्याच लीगमध्ये खेळणाऱ्या, फ्रान्समधल्या कॅटलन्स ड्रॅगन्सला शिकवून परत आला आणि 2013 मध्ये सिडनी रूस्टर्सच्या पहिल्याच हंगामात जेता झाला.

वळशाचं सगळ्यात बोलकं उदाहरण मायकल मॅग्वायरचं. मेलबर्नला बेलामीचा सहायक. 2010 मध्ये विगनला मुख्य प्रशिक्षक, पहिल्याच वर्षी सुपर लीगचं जेतेपद. मग साऊथ सिडनी: 1971 नंतर, 43 वर्षांनी, 2014 मध्ये त्या क्लबला जेतेपद मिळवून दिलं. तीनच वर्षांनी तिथून उचलबांगडी. मग वेस्ट्स टायगर्स, जून 2022 मध्ये तिथूनही नारळ. अशा वेळी माणूस संपला असं म्हणतात. मॅग्वायर खाली उतरला आणि कॅनबेरात पुन्हा सहायक झाला. सोबत न्यूझीलंडचा राष्ट्रीय संघ त्याच्याकडे होता. त्या संघाने नोव्हेंबर 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाला 30-0 असं चिरडलं. 2024 मध्ये न्यू साऊथ वेल्सने त्याला घेतलं, ओरिजिन मालिका जिंकली. मग ब्रॉन्कोजनी बोलावलं, आणि 2025 चा अंतिम सामना त्यांनी मेलबर्नविरुद्ध 26-22 असा जिंकला, म्हणजे ज्याच्या हाताखाली शिकला त्या बेलामीला हरवून.

त्या ब्रॉन्कोजची खुर्ची मॅग्वायरसाठी ज्याने रिकामी केली तो होता केव्हिन वॉल्टर्स, 2005 मध्ये बेनेटने घरी पाठवलेला तोच. 2021 मध्ये तळाला गेलेला संघ हाती घेऊन त्याने 2023 मध्ये अंतिम सामन्यापर्यंत नेला होता. 24-8 अशी आघाडी असताना तो सामना 26-24 असा हरला. पुढचं वर्ष वाईट गेलं आणि त्याची गच्छंती झाली. या प्रकरणात क्लबचा निर्णय बरोबर ठरला, हे मान्य करावं लागतं. वॉल्टर्सवर अन्याय झाला नाही असं मात्र मी म्हणणार नाही. पुढे ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय संघ त्याच्याकडे आला, हेही खरं.

नारळ का मिळतो

2022 मध्ये मे आणि जूनच्या साधारण महिनाभरात तीन क्लबांचे प्रशिक्षक गेले: बुलडॉग्जचा ट्रेंट बॅरेट, न्यूझीलंड वॉरियर्सचा नेथन ब्राउन, आणि टायगर्सचा मॅग्वायर. कोणी राजीनामा दिला, कोणाला काढलं, पण शेवट सारखाच. तीस खेळाडूंचे करार मध्येच तोडता येत नाहीत. प्रशिक्षकाचा तोडता येतो, भरपाई देऊन. संचालक मंडळाला चाहत्यांना काहीतरी केल्याचं दाखवायचं असतं, आणि हाताशी हाच एक उपाय असतो.

कधी कारणं हास्यास्पद असतात. 2015 च्या अखेरीस पेनरिथने आयव्हन क्लिअरीला काढलं. तो थकलेला वाटतो, असं क्लबच्या कारभाऱ्यांनी सांगितलं. 2019 मध्ये त्याच क्लबने त्याच थकलेल्या माणसाला परत बोलावलं. त्याचा मुलगा नेथन तोवर तिथला मुख्य खेळाडू झाला होता. बापलेकांनी 2021 ते 2024 अशी ओळीने चार जेतेपदं जिंकली.

कधी दोष खेळाच्या बाहेर असतो. बेनेट 2009 मध्ये सेंट जॉर्ज इलावारा क्लबात गेला. ऐन वेळी कच खाणारा संघ अशी त्याची ख्याती, पण 2010 मध्ये त्याने त्यांना जेतेपद दिलं. मग 2012 मध्ये न्यूकॅसल नाइट्स. मालक खाणसम्राट नेथन टिंकलर, पैसा भरपूर, जाहिरात त्याहून भरपूर. 2013 मध्ये संघ अंतिम सामन्याच्या एक पायरी अलीकडे थांबला. 2014 मध्ये टिंकलरच्या धंद्याची घसरण झाली, क्लब स्पर्धेच्या व्यवस्थापनाला ताब्यात घ्यावा लागला, आणि मार्चमध्येच अ‍ॅलेक्स मॅकिनन या तरुण खेळाडूची एका टॅकलमध्ये मान मोडली. तो पुन्हा खेळू शकला नाही. संघ तळाच्या गटात राहिला आणि बेनेट वर्षाअखेर ब्रिस्बेनला परतला. तीन वर्षांत हाती फारसं काही लागलं नाही, आणि त्याचे टीकाकार आजही पहिलं बोट न्यूकॅसलकडेच दाखवतात. मला ते अर्धंच पटतं. मालक बुडाला तो बेनेटमुळे नाही, पण जुन्या ओळखीच्या, वय झालेल्या खेळाडूंवर त्याने ठेवलेला भरवसा त्याचा स्वतःचाच होता.

राष्ट्रीय संघांचं गणित वेगळंच. तिथे वेळ काही दिवसांचा, खेळाडू दुसऱ्यांनी घडवलेले. 2005 मध्ये बेनेटच्या ऑस्ट्रेलियाला न्यूझीलंडने तिरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात 24-0 असं हरवलं आणि त्याला पद सोडावं लागलं. 2008 च्या विश्वचषकात तो त्याच न्यूझीलंडचा सल्लागार होता, आणि ब्रिस्बेनमध्ये, त्याच्या घरच्या मैदानावर, न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला 34-20 असं हरवून विश्वचषक जिंकला. देशद्रोही वगैरे म्हणणारे होतेच. 2017 मध्ये तो इंग्लंडला घेऊन अंतिम सामन्यात आला, पुन्हा ब्रिस्बेनमध्येच, आणि 6-0 असा थोडक्यात हरला. 2020 मध्ये वॉल्टर्सने ब्रॉन्कोजसाठी क्वीन्सलँडचं पद सोडलं तेव्हा सत्तर वर्षांच्या बेनेटला ऐन वेळी बोलावलं. दुखापतींनी खिळखिळा झालेला संघ, सिडनीच्या वर्तमानपत्राने तर त्याला क्वीन्सलँडचा आजवरचा सर्वात वाईट संघ म्हटलं. मालिका 2-1 अशी जिंकली.

2023 मध्ये त्याने डॉल्फिन्स हा कोरा क्लब उभा केला आणि पहिल्याच सामन्यात रूस्टर्सना 28-18 असं हरवलं. डॉल्फिन्समध्ये त्याने सहायक क्रिस्टियन वूल्फ याला दोन वर्षं शेजारी बसवून मग खुर्ची दिली. साऊथ सिडनीतही त्याने असाच जेसन डिमेट्रिओ तयार केला होता. डिमेट्रिओला क्लबने एप्रिल 2024 मध्ये काढलं, आणि 2025 मध्ये ती जागा भरायला पुन्हा बेनेटलाच आणलं. वारस नेमण्याची ही पद्धत कागदावर फार छान दिसते. प्रत्यक्षात वारसाला संघ मिळतो, जुन्या माणसाचा दरारा मिळत नाही.

पुढच्या खुर्च्या

महिलांची व्यावसायिक स्पर्धा 2018 मध्ये सुरू झाली, पण तिथेही बहुतेक प्रशिक्षक पुरुषच राहिले आहेत. ओरिजिनच्या महिला संघांना टॅनी नॉरिस आणि कायली हिल्डर या माजी खेळाडूंनी शिकवलं. पुरुषांच्या एनआरएल संघाची मुख्य प्रशिक्षक म्हणून अजून एकाही बाईची नेमणूक झालेली नाही. दोन-दोन वर्षांनी त्याच त्या नावांची पुन्हा भरती करणाऱ्या क्लबांना नवी नावं सापडत नाहीत हे कारण मला तरी पटत नाही.

2027 पासून पर्थचा बेअर्स क्लब स्पर्धेत येतो आहे. त्यांनी पहिला प्रशिक्षक म्हणून निवडलाय मॅल मेनिंगा, बेनेटचा तोच पोलीस कॅडेट. मधल्या काळात त्याने क्वीन्सलँडला ओळीने आठ ओरिजिन मालिका आणि ऑस्ट्रेलियाला दोन विश्वचषक जिंकून दिले. पण क्लबात दर आठवड्याला संघ उभा करण्याचं काम त्याने शेवटचं 2001 मध्ये केलं होतं. 2028 मध्ये पापुआ न्यू गिनीचा क्लब येईल. ऑस्ट्रेलियन सरकार त्यासाठी आणि प्रशांत महासागरातल्या खेळासाठी दहा वर्षांत 60 कोटी डॉलर घालणार आहे. त्यात चीनला त्या बेटांपासून लांब ठेवण्याचं राजकारणही आहे, आणि ते कोणी फारसं लपवत नाही. रग्बी लीग हा तिथला राष्ट्रीय छंद. तिथे रबौलला जन्मलेल्या एड्रियन लॅमने इंग्लंडमध्ये ली या छोट्या गावाच्या क्लबला 2023 मध्ये चॅलेंज कप, म्हणजे तिथली बाद पद्धतीची स्पर्धा, जिंकून दिला, 1971 नंतर पहिल्यांदा. आता पर्थ आणि पापुआ न्यू गिनी मिळून मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्च्या 17 वरून 19 होतील, आणि त्यांच्यामागे सहायकांच्या डझनभर तरी.